सोमवारचं तेल

१. पणतीनं मिशी धरली

दीपमाळेवरची पहिली पणती पेटली, तडतडली आणि विझली. दुसरी पेटली, तिनं फूत्कार टाकला आणि वात लावणाऱ्या वीरप्पाच्या मिशीवर ठिणगी उडवली. तिसरी पेटायलाच तयार होईना. सिद्धेश्वराच्या जत्रेला जमलेला गाव आधी खदखदून हसला, मग एकदम गप्प झाला. ज्या दीपमाळेचा उजेड तेरणा नदीपलीकडच्या माकणी गावातून दिसायचा, ती ऐन जत्रेच्या सोमवारी काळीठिक्कर उभी होती.

मी तेव्हा सिद्धेवाडीच्या चौकीवर जमादार होतो. निजाम सरकारची चाकरी, मूळ गाव ईट, आणि अंगात एकच ऐब, ती म्हणजे भज्यांची. चौकी म्हणजे एक खोली, एक कंदील आणि एक शिपाई. कंदिलात घासलेट नसायचं, कारण लढाई चालू होती. शिपाईही नसायचा, त्याचं कारण मला शेवटपर्यंत कळलं नाही.

घासलेट नाही म्हणून सारा गाव करडईच्या तेलावर जगत होता. खाणं त्याचंच, दिवाही त्याचाच. गावात घाणे दोन. एक वाण्यांच्या आळीत वीरप्पाचा, दुसरा नदीच्या अंगाला लिंबाजी तेल्याचा. पण दीपमाळेच्या तेलाचा मान पिढ्यान्‌पिढ्या वीरप्पाच्या घराकडं. नवं पीक निघालं की पहिल्या करडईचं तेल काढायचं, चांगलं निवळू द्यायचं, तांब्याच्या घागरीत भरून तोंड बांधायचं आणि जत्रेच्या सोमवारी दिवेलागणीला अनवाणी, एक शब्द न बोलता देवळात न्यायचं. घागरीचं तोंड सोडायचं ते दीपमाळेखालीच.

"तेलात पाणी घातलंय!" वीरप्पा ओरडला. मौन सुटल्यावर त्याचा आवाज नेहमीच्या दुप्पट झाला होता. "अन् कुणी घातलंय ते बी ठाव हाय मला. त्यो बघा, त्यो उभा हाय!"

बोट लिंबाजीकडं होतं. लिंबाजी म्हणजे गावातला सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस. महिन्यापूर्वी चावडीत तो सहज बोलून गेला होता, "एक साल माझ्या बी तेलाला मान द्या की." तेव्हा सगळे हसले होते. आता तेच वाक्य जो तो दुसऱ्याच्या कानात सांगत होता.

गावचे पाटील शिवप्पा पुढं झाले. सावकाश बोलणारा, पण बोलला की मागं न घेणारा माणूस. "उद्या पालखी गावातनं फिरून देवळात आली की पंच बसतील. खरं निघालं, तर लिंबाजीच्या घाण्यावर गावचा एक दाणा जाणार न्हाय."

लिंबाजीचा चेहरा पांढराफटक पडला. "पाटील, घरातली सारी तोंडं त्या घाण्यावर हायती. म्या देवाच्या तेलाला हात लावीन व्हय?"

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी घसा खाकरला, मिशीवर हात फिरवला आणि घागर सरकारजमा केली. पोटाशी धरून घरी निघालो, तर घागर कोमट लागत होती. चैत्राचं ऊन, दुसरं काय, असं मी मनाशी म्हणालो.

२. मुद्देमालाची भजी

हातपाय धुऊन आत आलो तर चुलीवर कढई. आमची मथुराबाई कांदा चिरून, पीठ भिजवून तयार.

"अगं, तेल कुठलं घेतलंस?"

"तुमी आणलंय तेच."

"तो मुद्देमाल आहे, मथुरे! सरकारी पुरावा!"

"आसंल. वाटीभरच काढलंय. तेल कसलं हाय ते तळल्याबिगर कळतंय व्हय?"

सरकारी तपासाला तिचा हा पहिलाच हातभार नव्हता, त्यामुळं मी पाटावर बसलो. पहिलं भजं सोडण्याआधीच कढईनं असा तडतडाट केला की ती पदर सावरत मागं सरली. थोड्या वेळानं तेल शांत झालं आणि पुढची भजी नीट फुलली. चवीला अस्सल करडई. मी दोन खाल्ली, केवळ खात्रीसाठी.

"म्हणजे पाणी घातलंय, हे खरं," मी म्हणालो.

"डोंबलाचं खरं! वतलेलं पाणी तळाला बसतं. म्या घागर हालवली न्हाय, वरचं तेल काढलं. तरी तडतडलं. अवो, हे तेल कोवळं हाय."

"कोवळं?"

"घाण्यात करडई भरडली की तेल सुटावं म्हणून कढत पाण्याचा शिपका देत्यात. ते पाणी तेलाच्या अंगातच ऱ्हातं. चार-आठ दिस ठिवलं की गाळ अन् पाणी खाली बसतं, तेल निवळ हुतं. ह्येच्यात बघा, हात घातला तर बोट दिसत न्हाय."

मी वाटी उजेडात धरली. तेल ताकासारखं गढूळ होतं. तेवढ्यात मला ती कोमट घागर आठवली आणि मी तिला सांगितलं.

"मग तर आजचंच," ती म्हणाली. "घाण्यातनं निघतं तवा तेल कोमट आसतंय. वीरप्पाच्या काळोख्या खोलीत ठिवलेली घागर काय म्हणून तापंल?"

म्हणजे पाण्याची भानगडच नव्हती. कुणीतरी निवळलेलं तेल गायब करून त्या जागी आज, सोमवारी, घाण्यातून काढलेलं तेल भरलं होतं. मी घागर फिरवून फिरवून पाहिली. पोटाला एके ठिकाणी चांगला पोचा होता. खरचटून तिथलं तांबं नव्यानं लकाकत होतं.

"वीरप्पाचाच घाणा असेल," मी म्हणालो. "घरातलंच काहीतरी असेल."

मथुराबाईनं कपाळावर हात मारला. "इतके दिस ह्या गावात हाव, अन् तुमाला एवढं ठाव न्हाय? ती लिंगायत माणसं. बैल म्हंजे बसवण्णा, शिवाचा नंदी, अन् सोमवार शिवाचा. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठिवत न्हायत ती. जीव गेला तरी ठिवणार न्हायत."

हे खरं होतं. दुपारभर मी देवळापुढं वीरप्पाच्या एका बैलाला गूळच चारत होतो. गळ्यात हार, शिंगांना बेगड, साहेब नुसते रवंथ करत उभे. जोडीतला दुसराही त्यांच्या गोठ्यात बांधलेला होता, कारण सोमवारी तोही मोकळाच.

म्हणजे साऱ्या गावात सोमवारी चालणारा घाणा एकच उरला, लिंबाजीचा. भजं माझ्या घशात अडकलं. लिंबाजीला सोडवायला निघालो होतो आणि मीच त्याच्या गळ्यात दोर अडकवला होता.

३. फुलासारखी घागर

सकाळी वीरप्पाच्या घरी गेलो. वीरप्पा ओसरीत बसून जळालेल्या मिशीला लोणी लावत होता.

"घागरीचं तोंड कधी बांधलंत?"

"आयतवारी सांजच्याला, माझ्या हातानं. तेल असं निवळ की तळ दिसत हुता. सोमवारी म्या सकाळपासनं देवळात, पणत्या मांडायला. दिवेलागणीला आलो, आंघुळ केली, घागर उचलली. अन् साहेब, एक नवल सांगू? दर साली ती घागर अप्पा न्यायचे. यंदा म्याच म्हणालो, 'तुमचा हात कापतोय, राहू द्या, मी नेतो.' पहिल्यांदाच उचलली, पर घागर अशी फुलावानी हालकी लागली! म्हणलं, देवाची किरपा."

"घागरीला पोचा आधीपासून होता का?"

"पोचा? देवाच्या घागरीला? छ्या! ते बी त्या लिंबाजीचंच काम."

त्याचे वडील शरणप्पा कोपऱ्यात बसले होते. थकलेलं पण उंचपुरं शरीर, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि खांद्यावर गरम मिठाची पुरचुंडी. ऐन जवानीपासून हा घाणा त्यांनीच चालवला होता.

"काय झालं, अप्पा?" मी विचारलं.

"काय न्हाय, काय न्हाय. पालखीला खांदा दिला जरा. वय झालं आता."

सून महादेवी पाण्याचा तांब्या घेऊन आली. वीरप्पाची बायको, हसतमुख बाई. आज हसत नव्हती. तांब्या देताना तळहाताला गुंडाळलेली चिंधी दिसली.

"पुरण वाटताना फोड आला," मी न विचारताच ती म्हणाली.

"काल दुपारी घरी कोण होतं?"

"मामंजी अन् मी," ती म्हणाली. "कुणी आलं न्हाय." मग नवऱ्याकडं बघून तिनं मान खाली घातली.

मी घाणा पाहायला मागच्या पडवीत गेलो. मधोमध मोठं उखळ, त्यात दाणे भरडणारा उभा लाकडी सोट, म्हणजे लाट, लाटेला बांधलेली आडवी दांडी, आणि भोवती बैलाच्या फिरण्याची गोल वाट. ती वाट शेणानं ताजी सारवलेली होती. पडवीचा बाकीचा भाग तसाच, धुळीचा. उंबरा तर कित्येक दिवसांत सारवणाचं तोंडही न पाहिलेला.

"सणाचं सारवलं," मागून महादेवीचा आवाज आला.

दावणीला बैल तेल निघाल्यावर उरलेली पेंड खात होता. मी एक तुकडा बोटानं दाबला. वाळलेली पेंड दगडासारखी असते. ही मऊ होती.

मी निघालो तेव्हा वीरप्पा दारापर्यंत पोचवायला आला. "साहेब, सोमवारी गावात घाणा कुणाचा चालतो, एवढंच इचारा. बाकी तपास कशाला पायजे?"

तो प्रश्न मी आधीच स्वतःला विचारून चुकलो होतो, आणि उत्तर मला मुळीच आवडलं नव्हतं.

४. करळं पळून जातंय

लिंबाजीच्या दारात नेहमी बैठक भरलेली असायची. आज कुत्रंही नव्हतं. घाणा थांबलेला, बैल झापड काढून उभा, आणि लिंबाजी दांडीवर बसलेला.

"सोमवारी घाणा चालवला होतास?"

"व्हय, चालवला की. आमच्यात सोमवारची बंदी न्हाय. खोटं कशाला बोलू?"

"करडई काढलीस?"

"न्हाय. दिसभर करळं, चटणीची ती काळी बी. सारजाबाईचं करळं."

सारजाबाईचं घर दोन दारं सोडून. साठी उलटलेली, ठसठशीत कुंकू, आणि कुणावरही विश्वास न ठेवण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध. मला बघून तिनं आधी मडकी मोजली, मग बस म्हणाली.

"सारजाबाई, काल तुम्ही घाण्यावर किती वेळ होतात?"

"तांबडं फुटल्यापासनं दिवे लागंस्तोवर. भाकर बी तिथंच खाल्ली. तेल्याला मोकळं सोडलं की करळं अर्धं हुतंय."

"जत्रेला नाही गेलात?"

"देव काय पळून जातोय व्हय? करळं पळून जातंय!"

"मधे त्यानं करडई घातली नाही?"

"माझ्या डोळ्यांदेखत? हाड मोडलं असतं त्याचं!" तिनं बरणी आणून दाखवली. करळ्याचं तेल काळपट, वास वेगळाच. मुद्देमालाची भजी अजून माझ्या जिभेवर होती. ती करडईची होती, यात तिळमात्र शंका नव्हती.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. लिंबाजीच्या घाण्यावर सोमवारी करडईचा दाणाही पडला नव्हता. पण मग ते तेल आलं कुठून? आभाळातून?

मी उठलो, तेवढ्यात सारजाबाई म्हणाली, "जमादारसाहेब, एक इचारू का? माणूस म्हातारं झालं की कानात आवाज येत्यात व्हय?"

"का हो?"

"काल हलगी जरा थांबली, अन् लिंबाजी बी बैलाला पाणी पाजायला थांबला. तरी घाण्याची कुरकुर ऐकू येत हुती. वाण्यांच्या आळीकडनं. सोमवारी! म्हणलं, सारजे, तुझं आता काय खरं न्हाय."

५. पालखी निघाली

चौकीत येऊन मी डोकं धरून बसलो. एक घाणा चालू, पण त्यात करडई नाही. दुसऱ्या घाण्याजवळ करडई, पण तो सोमवारी चालूच शकत नाही. तरी कुरकुर ऐकू आलेली, तेल कोमट, पेंड मऊ. ज्याला चोरून तेल बदलायचं, त्याला गोठ्यात बांधलेला बैल जुंपायला काय अडचण? आणि त्यानं ती वाट का सारवावी?

हा सारवणाचा काटा काही केल्या निघेना. सणासाठी सारवायचं तर बाई उंबऱ्यापासून सुरुवात करते. इथं फक्त बैलाची वाट सारवलेली. म्हणजे तिथले ठसे पुसायचे होते. पण घाण्याच्या वाटेवर खुरांचे ठसे असायचेच. रोजचेच असतात, त्यांच्याकडं कोण बघणार? खुरं लपवायची गरजच काय?

मी ताडकन उठलो. पुसायचे होते ते खुरांचे ठसे नव्हतेच.

तेवढ्यात बाहेर हलगी कडाडली, शिंग वाजलं. मथुराबाई दारातून डोकावली. "अवो, चला की! पालखी निघाली."

"आत्ता निघाली?"

"मग कवा? जत्रेच्या मंगळवारीच निघती. आधी कशी निघंल?"

मी फेटा अर्धाच बांधलेला, तसाच उभा राहिलो. शरणप्पा सकाळी मला म्हणाले होते, पालखीला खांदा दिला. सकाळी तर पालखी देवळाच्या आतच होती. मग तो खांदा दुखावला कशानं?

सगळं समजलं. चोर सापडला की आनंद व्हायला हवा. मला मात्र त्या क्षणी नोकरी सोडून ईटला पळून जावंसं वाटलं. पण संध्याकाळी पंच बसणार होते, आणि बोललो नाही तर लिंबाजीच्या घाण्याला कुलूप लागणार होतं.

६. खांदा

दीपमाळेखाली गाव बसला. शिवप्पा पाटील मधे, एका बाजूला वीरप्पाचं घर, दुसऱ्या बाजूला लिंबाजी एकटाच. त्याच्या शेजारी कुणी बसायला तयार नव्हतं. शेवटी सारजाबाई जाऊन बसली आणि इकडंतिकडं डोळे वटारून पाहू लागली.

"बोला, जमादार," पाटील म्हणाले.

मी तेलाची वाटी फिरवली. पाणी घातलेलं नाही, तेल कोवळं आहे, आणि कोमट होतं म्हणजे सोमवारचंच, हे समजावलं. हे कसं कळलं ते मोघम ठेवलं. मथुराबाई पदराआड हसत होती. मग लिंबाजीच्या घाण्यावर दिवसभर करळं होतं हे सारजाबाईनं सांगितलं, तेही असं की कुणाला उलट विचारायची छाती झाली नाही.

"म्हणजे तेल वाण्यांच्या आळीत निघालं," मी म्हणालो.

"सोमवारी?" वीरप्पा उसळला. "आमचा बैल जुंपला म्हणता? जीभ झडंल, साहेब!"

"बैल जुंपला असं मी म्हणत नाही. उलट, जुंपला नाही म्हणूनच हे कोडं सुटलं. साधा चोर असता तर गोठ्यातला बैल सोडून घाण्याला लावला असता, खुरांवर खुरं पडली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण इथं असं माणूस होतं की तेल बदलायला तयार होतं, आणि सोमवारी बसवण्णाच्या मानेवर जू ठेवायला तयार नव्हतं. मग दांडीला काय लावलं असेल त्यानं?"

लोकांच्या नजरा वीरप्पाच्या घरच्यांकडं वळल्या.

"स्वतःचा खांदा," मी म्हणालो. "वाटेवर माणसाच्या पावलांचे ठसे उठले, म्हणून ती वाट सारवावी लागली. माणसाच्या ताकदीनं तेल थोडंच निघालं, म्हणून घागर फुलासारखी हलकी लागली."

वीरप्पाचा हात जळक्या मिशीकडं गेला आणि तिथंच राहिला. नाव घ्यायला माझी जीभच रेटेना.

महादेवी उठून उभी राहिली. चिंधी बांधलेला हात पदराखाली लपवत म्हणाली, "माझ्या हातनं घागर पडली. म्याच—"

"खाली बस, पोरी." शरणप्पा काठीवर भार देत उठले. "खोटं बोलती ती. तिनं नुसता माझ्यासंगं घाणा ढकलला. पाडली म्या."



"लेक म्हणाला, हात कापतोय," म्हातारा सांगू लागला. "खरं बी आसंल. पर म्हणलं, घरात कुणी न्हाय, एकडाव उचलून तर बघू, उचलतीय का. उचलली. दोन पावलं बी टाकली. अन् निसटली. सारं तेल जमिनीत गेलं. आता देवाचं तेल घरच्या घाण्याचं पायजे, अन् दिस सोमवार. तवा ह्या पोरीनं पदर खोचला. म्हणाली, मामंजी, बैल न्हाय तर आपण हाव की. तडतडंल, हे ठाव हुतं मला. पर रिकामी घागर तडतड बी करत न्हाय."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं, कारण म्हातारा आता लिंबाजीकडं वळला होता.

"लिंबाजी, तुझ्या घरात निवळ करडईचं तेल हुतं. मला ठाव हुतं. तुला मागायला माझी जीभ उचलली न्हाय. घाणा ढकलायला खांदा उचलला. अन् काल तुझ्यावर आळ आला, तवा बी जीभ उचलली न्हाय. आज उचलतो. मला माफ कर, बाबा."

वीरप्पा उठला आणि खाली मान घालून बापापुढं आला. काल नेहमीच्या दुप्पट आवाजात बोलणारा माणूस आज स्वतःलाही ऐकू येईल की नाही असं बोलला. "अप्पा, मला सांगायचं तरी."

"तू कवा थांबलास ऐकायला?"

वीरप्पानं वडिलांच्या पायावर डोकं ठेवलं, मग लिंबाजीपुढं जाऊन हात जोडले. लिंबाजी उठला आणि घराकडं चालू लागला. सगळ्यांना वाटलं, रागावून गेला.

थोड्या वेळानं तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर तेलाचं मडकं होतं. त्यानं मुद्देमालाची घागर मागितली. मी दिली, आणि त्यातलं थोडं तेल कमी का आहे, हे कुणी विचारलं नाही याबद्दल सिद्धेश्वराचे आभार मानले. लिंबाजीनं उरलेलं कोवळं तेल काढून ठेवलं आणि मडक्यातलं घागरीत ओतलं. तळातलं तांबं लख्ख दिसत होतं.

पाटलांनी एकदा पंचांकडं पाहिलं, एकदा त्या तेलाकडं. "मान वीरप्पाच्या घराचा. तेल लिंबाजीचं. कुणाला हरकत?"

कुणाला नव्हती. असती तरी सारजाबाई तिथं बसलेली होती.

मग वीरप्पानंच घागर उचलून वडिलांच्या हातात दिली. म्हाताऱ्याचे हात कापत होते, साऱ्या गावाला दिसत होते. लिंबाजी पुढं झाला आणि त्यानं घागरीखाली आपला एक हात धरला. दोघं एक शब्द न बोलता देवळाला फेरी घालून दीपमाळेखाली आले. महादेवीनं घागरीचं तेल पणत्यांत भरलं. शरणप्पांनी पहिली वात लावली. ती पेटली आणि पेटतीच राहिली. मग दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता सगळी दीपमाळ उजळली. नदीपलीकडून माकणीकरांचा ओरडा ऐकू आला. काल त्यांना काहीच दिसलं नव्हतं, त्यामुळं ते जरा जास्तच ओरडले.

मी डोळे पुसले. धूर होता, असं मी मथुराबाईला सांगितलं. तिनं मान डोलावली. निवळ तेलाला धूर होत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

लिंबाजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचं ते मोठं हसू परत आलं होतं.

"जमादारसाहेब, एक मेहरबानी करा. ही सोमवारची गोष्ट माझ्या बैलाच्या कानावर जाऊ देऊ नका."

"का रे?"

"न्हायतर पुढच्या सोमवारी त्यो दावणीला बसंल, अन् घाण्याला मला जुंपंल!"